रहस्यनाट्याचे श्रवण : नभोवाणी, संशय आणि समीक्षा

मराठी समीक्षेने रहस्यकथेची दखल घेतली ती प्रामुख्याने छापील पुस्तकाच्या संदर्भात. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांची लोकप्रियता, रंजनपर वाङ्मयाचे स्थान, वाचकाची अभिरुची असे प्रश्न त्या निमित्ताने चर्चिले गेले. दुसरीकडे नभोनाट्याचा विचार बहुधा लेखनतंत्राच्या अंगाने झाला: संवाद कसे असावेत, पात्रे किती असावीत, ध्वनिसंकेत कोठे द्यावेत. या दोन विचारव्यूहांच्या सांध्यावर उभे असलेले नभोवाणीवरील रहस्यनाट्य दोहोंच्याही नजरेतून निसटले. ते निसटणे हा केवळ अनवधानाचा भाग नाही. ज्या समीक्षेची सारी उपकरणे वाचनासाठी घडलेली आहेत, तिला ऐकण्याच्या कलेतील अर्थनिर्मिती पकडता येत नाही, हे त्यामागील मूळ कारण आहे.

वस्तुतः श्रवणाचा विचार मराठी परंपरेला नवा नाही. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या ‘दासबोधा’च्या सातव्या दशकात दोन समास श्रवणनिरूपणाचे आहेत. श्रोत्याने आशंका घ्यावी आणि वक्त्याने तिचे निरसन करावे, ही त्या ग्रंथाची रचनाच आहे. श्रवण हे तेथे संशयाच्या निवृत्तीचे साधन ठरते. कीर्तन आणि पुराण यांनी घडविलेला श्रोता वक्त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यासाठी बसतो. रहस्यनाट्याचा श्रोता मात्र नेमका उलट दिशेने प्रवास करतो. येथे श्रवणातून संशय वाढतो. कानावर पडणारे प्रत्येक वाक्य खोटे असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. अखेरीस निरसन होते खरे. पण तोवर श्रोत्याला आपल्याच कानांवर अविश्वास दाखविण्याची सवय झालेली असते. श्रवणाच्या परंपरेत या प्रकाराने घडवून आणलेला बदल तो हाच.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये रहस्यकथेच्या प्रकारांची मांडणी करताना तीत दोन कथा असतात असे दाखवून दिले: एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली, म्हणून अनुपस्थित. दुसरी उपस्थित, पण पहिलीचा माग काढण्यापुरतीच महत्त्वाची. छापील कथेत या दोहोंना सांधणारा दुवा वाचकाच्या हाती राहतो. शंका आल्यास तो मागची पाने उलटू शकतो. नभोनाट्याच्या श्रोत्याला ही मुभा नाही. एकदा ऐकलेले वाक्य हवेत विरते, आणि पुरावा म्हणून उरते ती केवळ स्मृती. त्यामुळे गुप्तहेर गुन्ह्याचा तपास करीत असतो, तेव्हा श्रोता आपल्या आठवणीचा तपास करीत असतो. तोदोरोव्हच्या दोन कथांत नभोवाणीने ही तिसरी कथा मिळविली, असे म्हणता येईल.

या दृष्टीने ल्युसिल फ्लेचर यांचे ‘सॉरी, राँग नंबर’ हे नाट्य अभ्यसनीय आहे. अमेरिकेतील ‘सस्पेन्स’ या मालिकेत २५ मे १९४३ रोजी ते प्रथम प्रक्षेपित झाले. मुख्य भूमिका अ‍ॅग्नेस मूरहेड यांची होती. अंथरुणाला खिळलेली एक स्त्री दूरध्वनीच्या चुकून जुळलेल्या जोडणीवर खुनाचा कट ऐकते. पुलावरून आगगाडी जाईल त्या वेळी, तिच्या आवाजात किंकाळी बुडून जावी अशा बेताने, एका स्त्रीचा खून व्हावयाचा आहे. ती मदतीसाठी धडपडते, पण तिचे कोणी गांभीर्याने घेत नाही. आणि जिचा खून व्हावयाचा ती आपणच, हे तिला फार उशिरा कळते. श्रोता आणि नायिका यांची अवस्था येथे एकच आहे. दोघांनाही दिसत काही नाही. दोघांच्याही हाती आहे तो आवाजच. गाडीचा आवाज हा एरवी वातावरणनिर्मितीसाठी योजिलेला ध्वनिसंकेत ठरला असता. येथे तो आधी माहिती म्हणून येतो, मग घड्याळ होतो आणि अखेरीस खुनाचे साधन बनतो. ज्या ध्वनीने ऐकू येणे बंद होते, तोच या नाट्यातील सर्वांत अर्थपूर्ण ध्वनी आहे. हे नाट्य दृश्य माध्यमात नेले की ही समान असहायता कमी होते, कारण प्रेक्षकाला नायिकेपेक्षा अधिक दिसू लागते.

अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘थ्री ब्लाइंड माइस’चे उदाहरण याला पूरक ठरते. ३० मे १९४७ रोजी बीबीसीवरून सादर झालेल्या या लघुनाट्यातून पुढे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक सिद्ध झाले आणि १९५२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. रंगमंचावर येऊनही त्याची सुरुवात होते ती अंधारात, बालगीताच्या सुरावटीने आणि किंकाळीने. म्हणजे नेपथ्य उपलब्ध असतानाही गुन्ह्याचा क्षण नाटककर्तीने कानांकडेच सोपविला.

मराठवाड्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानी मुलखांत जी मोजकी नभोवाणी केंद्रे होती, त्यांत निजामाच्या राज्यातील हैदराबाद आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) यांचा समावेश होता. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातच होते. उर्दू ही राज्यव्यवहाराची, मराठी ही घरची, तर १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीची हिंदी ही करमणुकीची, अशा तीन भाषांच्या सरहद्दीवर येथील श्रोत्याचा कान घडला. विविध भारतीवरील ‘हवामहल’ने अल्पावधीचे नाट्य घरोघरी नेले, १९६७ पासून या सेवेवर जाहिराती आल्या आणि प्रायोजित मालिकांचा मार्ग मोकळा झाला. विनोद शर्मा यांच्या आवाजातील ‘इन्स्पेक्टर ईगल’ ही त्यांतील गाजलेली मालिका. तिच्यात तपास करणाऱ्याचे नाव आणि प्रायोजकाच्या थर्मासचे नाव एकच होते. बाकी सर्वांवर संशय घ्यावयाचा, पण या एका नावावर विश्वास टाकावयाचा, असा श्रवणाचा करार तिने केला. रहस्याच्या निरसनाबरोबर वस्तूची विश्वासार्हताही सिद्ध होत गेली.

आवाजावर विसंबणाऱ्या या प्रकारात आणखी एक धोका संभवतो, आणि समीक्षेने तो टाळता कामा नये. पात्र दिसत नसल्यामुळे त्याचे वय, वर्ग, गाव, शिक्षण हे सारे उच्चारातूनच सूचित करावे लागते. प्रमाणभाषा बोलणारा तो तपास करणारा, आणि बोलीत बोलणारा तो नोकर किंवा संशयित, अशी वाटणी सोयीची म्हणून रूढ होऊ शकते. भोकरदन किंवा मंठ्याच्या श्रोत्याला स्वतःची बोली कोणाच्या तोंडी ऐकू येते, हा प्रश्न म्हणूनच आशयाचा आहे. छापील पानावर बोली केवळ अक्षरांच्या फरकाने दिसते; नभोवाणीवर तिला सूर असतो आणि त्या सुराला सामाजिक मूल्य चिकटलेले असते.

रत्नाकर मतकरी यांच्या लेखनाची सुरुवात १९५५ मध्ये मुंबई आकाशवाणीवरून सादर झालेल्या ‘वेडी माणसं’ या एकांकिकेने झाली, ही गोष्ट या संदर्भात सूचक आहे. पुढे मराठी गूढकथेला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. रहस्याचे निरसन होते, गूढ मात्र निरसनानंतरही शिल्लक राहते, हा भेद लक्षात घेतला तर न दिसणाऱ्या रंगभूमीशी गूढाचे असलेले नाते तपासून पाहण्याजोगे ठरते. केवळ छापील संग्रहांवर विसंबून ते नाते उलगडणार नाही.

नभोनाट्याची संहिता वाचणे म्हणजे नभोनाट्य ऐकणे नव्हे. संहितेत कंसात लिहिलेला ‘विराम’ हा एक शब्द असतो. प्रक्षेपणात तो संशय असतो. त्या विरामाची लांबी, श्वास, सूर यांचे वर्णन करू शकेल अशी परिभाषा मराठी समीक्षेला घडवावी लागेल. जिथे ध्वनिमुद्रण उपलब्ध असेल तिथे तेच प्रमाण संहिता मानावे लागेल, आणि जिथे ते नसेल तिथे श्रोत्यांच्या स्मृतींना पुराव्याचा दर्जा देऊन त्यांची उलटतपासणी करावी लागेल. वयोवृद्ध श्रोते हयात आहेत तोवरच हे शक्य आहे. त्यानंतर या नाट्यप्रकाराच्या इतिहासात केवळ शीर्षके आणि तारखा उरतील, आवाज उरणार नाही.