जॉन ॲलनकडून काय घ्यायचं?

चित्राची समीक्षा होते, नाटकाची होते. मग छोट्या आगगाडीची का नको? आज आपण मॉडेल रेल्वेच्या छंदाबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल. एक छांदिष्ट दुसऱ्याकडून शिकतो, तेव्हा तो नेमकं काय उचलतो?

या छंदातलं फार मोठं नाव म्हणजे अमेरिकेतले जॉन ॲलन. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथं, घराच्या तळघरात त्यांनी 'गोरी अँड डिफीटेड' ही काल्पनिक रेल्वे उभारली. नाव इंग्रजीत मोठ्यानं म्हटलं की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं ऐकू येतं, असा हा मिश्कील माणूस. प्रमाण १:८७. जमिनीपासून छताकडे चढत जाणारे डोंगर, खोल दऱ्यांवरचे पूल, ऊनपाऊस खाल्लेल्या इमारती. ॲलन व्यवसायानं छायाचित्रकार होते, त्यामुळे मासिकांतले त्यांचे फोटो पाहून लोक थक्क होत. जानेवारी १९७३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच यातलं बहुतेक काम आगीत जळून गेलं. पुढे १९८१ मध्ये लिन वेस्टकॉट यांचं 'मॉडेल रेलरोडिंग विथ जॉन ॲलन' हे पुस्तक आलं आणि ते फोटो पुढच्या पिढीच्या हाती पडले.

पण थक्क होणं म्हणजे शिकणं नव्हे, असं आम्हांला वाटतं. फोटोत डोंगर दिसतो; गाडी कुठून आली, कुठं चालली, हे दिसत नाही. ते कळत होतं ॲलन यांच्या मित्रांना. ही मंडळी नेमानं जमायची आणि खऱ्या रेल्वेसारखी वाहतूक चालवायची. म्हणजे खरी शाळा तिथं भरत होती.

त्या शाळेतली एक गोष्ट मात्र आगीतून वाचली: 'टाइमसेव्हर'. हे शंटिंगचं कोडं ॲलन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलं. पाच सांधे, मुद्दाम आखूड ठेवलेले रूळ, एक इंजिन, थोड्या वाघिणी. घड्याळ लावायचं आणि प्रत्येक वाघीण ठरल्या जागी पोचवायची. एका फळीवर मावतं, कुणालाही करता येतं.

आणि इथंच घोटाळा झाला. अनेकांनी हे कोडं उचलून आपल्या रेल्वेत जसंच्या तसं बसवलं. अहो, पण खरी रेल्वे असे रूळ कशाला टाकेल? तिथं हालचाल जितकी कमी तितकं बरं, कारण प्रत्येक फेरीला वेळ आणि इंधन लागतं. ॲलन यांनी अडचण मुद्दाम रचली होती, कारण त्यांना खेळ हवा होता. आपण खेळाचे रूळ घेतले आणि त्यांना स्टेशन म्हटलं. नक्कल हुबेहूब, पण हेतू हरवलेला.

याउलट ब्रिटनमधल्या ॲलन राइट यांचं 'इंगलनूक' पाहा. त्यांच्यासमोर नमुना होता किलहॅम इथल्या खऱ्या साइडिंगचा. दोनच सांधे, तीन साइडिंग. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. आठांपैकी पाच वाघिणी चिठ्ठ्या काढून ठरलेल्या क्रमानं लावायच्या. इथं कोडं खऱ्या जागेतूनच निघालं, म्हणून ते रेल्वेत बसवलं तरी खुपत नाही.

आपल्या पुण्यात कर्वे रस्त्यावर जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथं आपण प्रेक्षक म्हणून जातो, मुलांना नेतो, खूश होऊन परततो. त्यात काही वावगं नाही. पण घरी फळीवर पहिला रूळ ठोकायचा असेल, तर दुसऱ्याचं काम पाहताना 'हे कसं केलं?' याच्या आधी 'हे का केलं?' असं विचारू या. काम जळून जाऊ शकतं, करणारा निघून जातो. त्याचं कारण आपल्याला कळलेलं असेल, तर ते दुसऱ्या कुणाच्या तळघरात पुन्हा कामाला येतं.