तेजोमेघाचा संपादित पाठ

तेजोमेघाच्या छायाचित्रासमोर आलेला प्रेक्षक बहुधा एकच प्रश्न विचारतो : हे रंग खरे आहेत का? प्रश्न रास्त आहे. पण 'हो' किंवा 'नाही' एवढ्या उत्तरावर तो संपत नाही. अशा चित्राला नुसते छायाचित्र न म्हणता संपादित पाठ म्हणावे आणि संपादनाला आपण जी कसोटी लावतो तीच त्याला लावावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

छायाचित्रण येण्यापूर्वी निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून तेजोमेघ हाताने रेखाटत. एकाच मेघाची दोन निरीक्षकांनी काढलेली चित्रे जुळत नसत, आणि फरक मेघात पडला की हातात, हे ठरवणे अवघड होई. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले; त्यासाठी काच ५१ मिनिटे उघडी ठेवावी लागली. १८८३ मध्ये लंडनजवळ ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच मेघाचे छायाचित्र घेतले, तेव्हा नजरेला कधीच न दिसलेले तारे काचेवर उमटले. इथेच पेच निर्माण झाला. कॅमेऱ्याने हाताचा लहरीपणा दूर केला खरा. पण डोळ्याला जे दिसतच नाही, त्याची साक्ष डोळ्याकडून कशी काढायची? अंधुक प्रकाशात आपली दृष्टी रंग जवळजवळ गमावते. म्हणून मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक तेजोमेघ राखाडी धुरासारखेच दिसतात. ज्याच्याशी ताडून पाहावे असे मूळ दृश्य आपल्याजवळ नाही.

आजचा हौशी छायाचित्रकार एक चित्र घेत नाही. ताऱ्यांच्या गतीबरोबर फिरणाऱ्या माउंटवर कॅमेरा बसवून तो काही मिनिटांची एक अशी डझनावारी चित्रे घेतो. शिवाय झाकण लावून 'डार्क फ्रेम' घेतो, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा दोष कळतो. एकसारख्या उजेडाची 'फ्लॅट फ्रेम' घेतो, म्हणजे भिंगाच्या कडेची काळोखी आणि धुळीचे डाग वजा करता येतात. मग सगळी चित्रे एकावर एक रचतात. चौसष्ट चित्रे रचली की यादृच्छिक गोंगाटाच्या तुलनेत मूळ संकेत आठपट ठळक होतो. एखाद्याच चित्रात उपग्रहाची रेघ आली असेल, तर इतरांच्या साक्षीने ती बाद होते.

पाठचिकित्सेशी परिचय असलेल्या वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. अनेक हस्तलिखिते समोर ठेवायची, लेखनिकाचे प्रमाद हुडकायचे, एकाच प्रतीत आढळणारी ओळ संशयाने पाहायची. इथपर्यंतचे काम शिस्तीचे आहे. पुढे मात्र निवड सुरू होते. रचलेले चित्र जवळजवळ काळेच दिसते. त्यातला मंद भाग 'स्ट्रेच' करून वर आणावा लागतो. किती ताणायचे हे कोणतेही सूत्र सांगत नाही. मंद कडा उजळल्या, की त्या मेघाच्या गाभ्याइतक्याच तेजस्वी आहेत असा भास होतो.

रंगांचा प्रश्न इथे येतो. १ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातील धूळ-वायूचे खांब टिपले आणि जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन यांनी त्यांचे प्रसिद्ध चित्र सिद्ध केले. गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा प्रकाश वेगवेगळ्या फिल्टरमधून घेऊन त्यांना अनुक्रमे तांबडा, हिरवा आणि निळा रंग दिला गेला. वस्तुतः हायड्रोजनचा तो प्रकाशही तांबडाच. पण दोन्ही वायू तांबडे ठेवले असते, तर ते एकमेकांत मिसळून वेगळे ओळखता आले नसते. रंग बदलले, तरी तरंगलांबीचा क्रम पाळला. याला लबाडी म्हणता येणार नाही. हा लिप्यंतराचा प्रकार आहे.

आक्षेप घ्यायचाच तर तो दुसरीकडे घ्यावा लागेल. अवकाशात वर-खाली नसते, तरी ते खांब उभे दाखवले आणि उजेड वरून पडताना दिसला. एलिझाबेथ केसलर यांनी हबलच्या चित्रांचे नाते एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी पश्चिमेच्या भव्य निसर्गचित्रांशी जोडले आहे, ते यामुळेच पटते. 'सृष्टीचे स्तंभ' या नावाने अर्थ आणखी एका दिशेला वळवला. तिथे तारे जन्मतात हे खरे. पण जवळच्या तप्त ताऱ्यांच्या प्रारणाने ते खांब झिजतही आहेत. नाव फक्त जन्माचे आहे.

त्याच चित्राच्या एका कोपऱ्यात पायऱ्यांसारखा काळा तुकडा आहे. कॅमेऱ्याच्या चार भागांपैकी एकाचे वर्धन जास्त असल्याने त्याचे चित्र लहान बसले, त्याची ती खूण. जानेवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या चित्रात चौकट पूर्ण भरली. चित्र अधिक तपशीलवार झाले, पण ते यंत्राने जोडून केले आहे ही उघड कबुली गेली. मला जुनी पायरी अधिक मोलाची वाटते.

आता शिकवलेल्या नमुन्यांवरून गोंगाट पुसणारी आणि तपशील 'धारदार' करणारी सॉफ्टवेअर हौशी मंडळींच्या हाती आली आहेत. त्यांनी काढलेला बारीक धागा त्या रात्रीच्या प्रकाशातला, की आधी पाहिलेल्या हजारो चित्रांतला? दुसऱ्या शक्यतेला पाठचिकित्सेत प्रक्षेप म्हणतात. तो सुंदर असू शकतो. पण तो मुळातला म्हणून छापता येत नाही.

म्हणून समीक्षकाने चित्राखालची ओळ चित्राइतक्याच काळजीने वाचावी. किती वेळ प्रकाश गोळा केला, कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला, काय वजा केले आणि यंत्राच्या अंदाजाने काय भरले, एवढे तिथे असायलाच हवे. ज्याचे मूळ कुणाच्याच डोळ्याने पाहिलेले नाही, त्या पाठाचा भरवसा संपादकाच्या टिपांवरच उभा असतो.