‘बनगरवाडी’ आणि परका वाचक

आपलें रोजचें जिणें परक्यास समजावून कसें द्यावें, हें व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वरून (१९५५) शिकावें. माणदेशच्या या धनगरवस्तींत मास्तर येतो तो तरुण व उपराच. कारभाऱ्याचा दरारा, मेंढरांचें अर्थकारण, तालमीची उभारणी हें त्यास जसजसें उमगतें, तसतसें आम्हांसही. टीपांची गरज पडत नाहीं. राम देशमुखांच्या इंग्रजी भाषांतरास (१९५८) मात्र ‘गांवाला भिंती नव्हत्या’ अशा अर्थाचें नांव दिलें गेलें. तें आम्हांस रुचत नाहीं. नांव डौलदार खरें, पण बनगरांची वाडी म्हणजे एका नात्यागोत्याची वस्ती, हा अर्थ त्यांत उरत नाहीं. अखेरीस दुष्काळानें ओस पडते ती वाडी कोणाची, हें इंग्रजी वाचकास मुखपृष्ठावरच कां कळूं नये?