आयर्न मेडन आता पूर्वीसारखं राहिलं नाही, हे तपासायचं कसं?

संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा, यावर लिहिताना दर वेळी शेती, शिक्षण, बँकांची कर्जं अशीच उदाहरणं येतात. आज माझ्या आवडीचं घेते. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे नंतरचे अल्बम सुरुवातीच्या अल्बमांच्या तोडीचे आहेत का? मेटल ऐकणारी चार माणसं जमली की हा वाद ठरलेला. प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं आणि ते कशावरून, हे सहसा कुणीच सांगत नाही. म्हणून तर आपल्या कामाचा विषय आहे हा. मेटल ऐकत नसाल तरी वाचा, आणि गाण्याचं नाव आलं की ते लावून बघा.

आधी जुजबी माहिती. स्टीव्ह हॅरिस या बेसवादकाने १९७५ साली पूर्व लंडनमध्ये हा बँड सुरू केला आणि आजही तोच तो चालवतो. पहिला अल्बम १९८० चा. ब्रूस डिकिन्सन हा गायक १९८२ च्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’पासून आला. १९८८ पर्यंत सात अल्बम झाले. मग गिटारवादक एड्रियन स्मिथ गेला, १९९३ मध्ये डिकिन्सनही गेला, ब्लेझ बेली या गायकासोबत दोन अल्बम निघाले. १९९९ मध्ये दोघेही परतले आणि २००० ते २०२१ या काळात आणखी सहा अल्बम आले. म्हणजे सामना सात विरुद्ध सहा असा आहे. सात अल्बम आठ वर्षांतले, सहा एकवीस वर्षांतले.

इथेच पहिली अडचण. ‘सुरुवातीचं काम’ संपतं कुठे? पॉल डिआनो या डिकिन्सनच्या आधीच्या गायकाचे चाहते म्हणतील, १९८१ ला. बहुतेक जण १९८८ च्या ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’पाशी रेघ मारतात. मीही तिथेच मारते, कारण त्यानंतर माणसं बदलली आणि बँडने ठरवून साधं, रांगडं वाजवायला घेतलं. पण या रेघेचा परिणाम बघा. नव्वदच्या दशकातले चार अल्बम ना इकडे, ना तिकडे. ते ‘नंतरच्या’ बाजूला टाकले तर नंतरची बाजू खेळ सुरू व्हायच्या आधीच हरते. वगळले तर ती थेट पुनरागमनाच्या उत्साहापासून सुरू होते. दोन्ही चालेल, पण कोणतं केलं आणि का केलं ते लिहून ठेवायचं. सिनॉप्सिसमध्ये कालखंड टाकताना ‘सोयीसाठी’ असं लिहिलेलं मी इतक्यांदा वाचलंय, की आता तो शब्द दिसला की पेन्सिल आपोआप उचलली जाते. मी ते चार अल्बम तुलनेतून वगळतेय, पण पुढे साक्षीला बोलावणार आहे.

दुसरी अडचण मोजमापाची. आकडे तर भरपूर आहेत. ब्रिटनच्या यादीत बँडचे पाच अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले : १९८२, १९८८, १९९२, २०१० आणि २०१५ चे. ‘पॉवरस्लेव्ह’ (१९८४) दुसऱ्यावरच थांबला. या आकड्यांवर विश्वास ठेवला तर ‘द फायनल फ्रंटियर’ (२०१०) हा ‘पॉवरस्लेव्ह’पेक्षा सरस ठरतो. असं म्हणणारा मला अजून भेटायचाय. १९८४ चा पहिला क्रमांक आणि २०१५ चा पहिला क्रमांक ही एकच गोष्ट नाही. लोक अल्बम विकत घेईनासे झाल्यावर ज्याचे चाहते निष्ठेने पहिल्याच आठवड्यात घेतात, तो वर जातो. ग्रॅमीचंही तसंच. बँडला ते २०११ मध्ये ‘एल डोराडो’साठी मिळालं, जे नंतरच्या काळातलंही फार बरं गाणं नाही. पण १९८२ मध्ये मिळालं नाही यात नवल काय? १९८९ पर्यंत ग्रॅमीत मेटलसाठी वेगळी वर्गवारीच नव्हती.

मग बँड स्वतः काय वाजवतो ते बघावं का? इथे आपल्याकडची साक्ष आहे. मार्च २००७ मध्ये ते पहिल्यांदा भारतात आले, बंगळुरूला, आणि तो दौरा ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ (२००६) या नव्या अल्बमचा होता. त्याच दौऱ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत त्यांनी हा अख्खा अल्बम ओळीने वाजवला होता, लोक जुनी गाणी मागत असताना. आणि वर्षही व्हायच्या आत, १ फेब्रुवारी २००८ ला, पुढचा जागतिक दौरा मुंबईतून सुरू झाला. तो जवळजवळ सगळा ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा. २०२५ च्या पन्नाशीच्या दौऱ्यात तर १९९२ नंतरचं काहीच नाही. यावरून ‘बँडलाच नव्या गाण्यांवर भरवसा नाही’ असं म्हणता येईल का? मला नाही वाटत. मैदान कशाने भरतं, एवढंच यातून कळतं. लोकप्रियतेचा पुरावा गुणवत्तेच्या खात्यात जमा करू नका.

म्हणजे शेवटी ऐकावंच लागतं, आणि ऐकताना आठवण आडवी येते. ‘नंबर ऑफ द बीस्ट’ म्हटलं की ‘हॅलोड बी दाय नेम’ आठवतं. ‘गँगलंड’ आठवत नाही. तेही त्याच अल्बमवर आहे, अगदी सुमार आहे, आणि त्याच्यासाठी ‘टोटल एक्लिप्स’ हे त्याहून चांगलं गाणं अल्बमबाहेर ठेवलं गेलं. चाळीस वर्षांत जुन्या अल्बमांमधला कचरा काळाने झाडून नेलाय, नव्यांमधला अजून अंगणातच पडलाय. त्यामुळे ‘जुन्यातलं सर्वोत्तम विरुद्ध नव्यातलं सरासरी’ अशी तुलना आपण नकळत करतो. पूर्ण अल्बम विरुद्ध पूर्ण अल्बम, गँगलंडसकट, असंच ऐकायचं.

तसं ऐकल्यावर माझं मत असं : सहापैकी दोन अल्बम बरोबरीचे आहेत. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (२०००) बेधडक ‘पीस ऑफ माइंड’शेजारी ठेवावा. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ तर मला ‘समव्हेअर इन टाइम’पेक्षाही भारी वाटतो. युद्ध आणि धर्म हे विषय त्यात गाण्यामागून गाणं पिच्छा सोडत नाहीत. मास्टरिंग न करताच तो काढल्यामुळे आवाजही खरखरीत, खोलीत समोर वाजल्यासारखा आहे. त्यातलं ‘ब्रायटर दॅन अ थाउजंड सन्स’ अणुबॉम्बवर आहे आणि शीर्षकाचं मूळ गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या हजार सूर्यांपर्यंत जातं. उरलेल्या चारांत उत्तम गाणी आहेत (‘डान्स ऑफ डेथ’वरचं ‘पॅशेनडेल’ कुणालाही ऐकवावं), पण अल्बम म्हणून ते सैल आहेत.

आता खरा प्रश्न : सैल का? कौलापेक्षा कारण शोधणं अवघड, आणि संशोधन तिथून पुढे सुरू होतं.

सगळ्यांच्या तोंडी असलेलं कारण म्हणजे वय. हे मला सगळ्यात कच्चं वाटतं. ‘द बुक ऑफ सोल्स’ (२०१५) रेकॉर्ड झाला तेव्हा डिकिन्सन ५६ वर्षांचा होता आणि त्याच्या जिभेच्या मुळाशी गाठ होती, जी कर्करोगाची असल्याचं नंतर निष्पन्न झालं. तो अल्बम ऐका आणि आवाज कुठे कमी पडतो ते मला दाखवा.

दुसरं कारण निर्मात्याचं. १९८१ ते १९९२ बँडचे सगळे स्टुडिओ अल्बम मार्टिन बर्चच्या हाताखालचे. २००० पासून केव्हिन शर्ली, आणि त्याच्या जोडीला सहनिर्माता म्हणून खुद्द हॅरिस. म्हणजे ‘हे काप’ म्हणणारा बाहेरचा माणूस गेला. फार पटणारं स्पष्टीकरण आहे, मलाही आवडतं. आणि म्हणूनच नव्वदच्या दशकाला साक्षीला बोलवायचं. ‘नो प्रेअर फॉर द डाइंग’ (१९९०) बर्चचाच आहे आणि तो ढिसाळ आहे. बर्च असूनही घसरण झाली, म्हणजे त्याचं जाणं हे घसरणीचं एकमेव कारण नाही. आवडत्या स्पष्टीकरणाविरुद्धचा साक्षीदार आपणच शोधायचा असतो. नाहीतर तो व्हायव्हाला समोरच्या खुर्चीत बसलेला सापडतो.

तिसरं कारण लांबी, आणि इथे आकडे बोलके आहेत. पहिल्या सात अल्बमांची लांबी साधारण अडतीस ते एक्कावन्न मिनिटं. नंतरच्या सहांची सदुसष्ट ते ब्याण्णव. सर्वांत छोटा नवा अल्बम सर्वांत लांब जुन्या अल्बमपेक्षा पंधरा मिनिटांनी मोठा आहे. एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटंच नीट बसायची, सीडीने पंचाहत्तरच्या आसपास जागा दिली, आणि बँडने ती भरली. पूर्वी तबकडीच कात्री चालवायची. पण हेही पुरतं नाही. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ बहात्तर मिनिटांचा आहे आणि सैल नाही. ‘पॉवरस्लेव्ह’वरचं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ तेरा मिनिटांच्या वर जातं, आणि त्यातलं एक मिनिटही कुणी काढू देणार नाही.

मग लांबी नाही तर काय? इथे एक सोपी युक्ती वापरता येते. काळ, निर्माता, वय, वादक, तंत्र असं सगळं एकाच वेळी बदललेलं असेल, तर दोन काळांची तुलना करून काहीच वेगळं काढता येत नाही. त्यापेक्षा एकाच अल्बमच्या आत तुलना करा. ‘बुक ऑफ सोल्स’वर दोन प्रचंड गाणी आहेत. ‘द रेड अँड द ब्लॅक’ साडेतेरा मिनिटांचं, हॅरिसने लिहिलेलं. ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ अठरा मिनिटांचं, डिकिन्सनने एकट्याने, पियानोवर बसून लिहिलेलं. तेच वादक, तोच पॅरिसचा स्टुडिओ, तोच निर्माता, तेच वर्ष. आणि माझ्या कानाला तरी अठरा मिनिटं छोटी वाटतात, साडेतेरा मोठी.

कारण ‘एम्पायर’मध्ये काहीतरी घडतं. आर-१०१ हे ब्रिटिश हवाई जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात यायला निघालं आणि फ्रान्समध्ये कोसळलं. ४८ माणसं गेली. गाणं त्या प्रवासाबरोबर पुढे सरकतं. पियानोवरची ती डौलदार सुरुवात, मग वादळ, मग राख. मागे वळायला जागाच नाही. ‘रेड अँड द ब्लॅक’मध्ये धून छान आहे, पण ती आली की पुन्हा येते, मग ‘ओ-ओ’, मग पुन्हा तीच. ‘मरिनर’ कोलरिजच्या कवितेवर आहे, त्यातही जहाज पुढे जातं, मध्ये सगळं थांबून लाकडांची करकर तेवढी ऐकू येते. आणि ते हॅरिसनेच लिहिलंय, तेव्हा ‘दोष हॅरिसचा’ हेही इथेच निकालात निघतं.

तर माझं गृहीतक : लांब गाण्याला पुढे सरकणारी गोष्ट लागते, आणि नंतरच्या अल्बमांत लांब गाणी वाढली, गोष्टी तेवढ्या वाढल्या नाहीत. त्या जागी साचा आला. हळू गिटार किंवा बेसची सुरुवात, मग धाडकन सगळे, मधे तिघांचे सोलो, शेवटी पुन्हा हळू. ‘फायनल फ्रंटियर’च्या उत्तरार्धातली बहुतेक गाणी याच दाराने आत येतात. हे मोजताही येईल. तेराही अल्बमांतल्या प्रत्येक गाण्यासमोर लांबी, लेखक आणि पहिला शब्द कितव्या सेकंदाला येतो, एवढे तीन रकाने भरा. एक रविवार जाईल, पण कोर्सवर्कमधल्या सरावापेक्षा जास्त शिकाल. फक्त ‘गोष्ट पुढे सरकते का’ हा चौथा रकाना एकट्याने भरू नका. गृहीतक माहीत नसलेल्या मित्राला भरायला द्या.

या गृहीतकाच्या आड येणारं एक गाणं मला ठाऊक आहे. ‘सेन्जुत्सू’ (२०२१) हॅरिसच्या तीन गाण्यांनी संपतो. ओळीने तीन, तिन्ही दहा मिनिटांच्या वर : ‘डेथ ऑफ द केल्ट्स’, ‘द पार्चमेंट’, ‘हेल ऑन अर्थ’. पहिलं म्हणजे १९९८ च्या ‘द क्लान्समन’चीच सावली आहे. दुसरं भव्य आहे आणि जागचं हलत नाही. तिसऱ्यात गोष्ट नाही, सुरुवात ठरल्याप्रमाणे हळू, शेवट ठरल्याप्रमाणे हळू. साचा शंभर टक्के तोच, आणि तरीही १९८८ नंतर या बँडने केलेल्या सर्वोत्तम गाण्यांपैकी ते आहे. धून प्रत्येक फेरीत थोडी वर चढते, आणि शेवटी तीच हळू सुरुवात परत येते तेव्हा ती सुरुवातीसारखी वाटत नाही, सगळं संपल्यावर कुणीतरी एकटं वाजवत बसल्यासारखी वाटते. माझ्या चौथ्या रकान्यात मित्र इथे ‘नाही’ लिहील आणि तो बरोबर असेल. मग ‘गोष्ट’ याची व्याख्याच बदलायची, धुनेतला बदलही तिच्यात धरायचा, की हा अपवाद म्हणून ठेवायचा? व्याख्या बदलली तर ‘पार्चमेंट’ही आत शिरू पाहील. मी सध्या अपवाद म्हणून ठेवलंय.

ऐकणार असाल तर ‘हेल ऑन अर्थ’ सुटं ऐका. अल्बमच्या क्रमाने गेलात तर त्याच्याआधी तेवीस मिनिटांची दोन गाणी आहेत, आणि अकरा मिनिटांचं हे गाणं सुरू होईपर्यंत कान दमलेले असतात.