दिव्याचं चित्र आणि खाली भलतंच नाव

दिवाळी आली की एक चित्र तुमच्या मोबाइलवर हमखास येतं. साडी नेसलेली तरुणी उभी आहे, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. खाली शुभेच्छा, आणि बऱ्याचदा चित्रकाराचं नाव : राजा रविवर्मा. एम.एस्सी.ला असताना आमच्या विभागाच्या भित्तिपत्रकावर मीही हेच नाव ठळक अक्षरात लिहिलं होतं. आठ-दहा जणांनी कौतुक केलं. तपासलं कुणीच नाही, मीसुद्धा नाही.

चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. ते जन्माने सावंतवाडीचे, शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखलं जाणारं हे चित्र 1945-46 च्या सुमाराचं. मूळ प्रत म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे. रविवर्मा वारले 1906 मध्ये. दोन तारखा शेजारी ठेवल्या असत्या तरी माझा दावा तिथंच पडला असता. इतकं सोपं होतं, म्हणून तर कळल्यावर जास्त ओशाळले.

ही चूक रुजली कशी? रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. तेव्हापासून जुनं चित्र आणि साडीतली देखणी बाई दिसली की आपल्याला एकच नाव सुचतं. त्यात त्याच कलादालनात रविवर्मांचीही चित्रं आहेत. एकाने लिहिलं, पुढच्यांनी उतरवून घेतलं. पीएच.डी.साठी संदर्भ वाचायला लागाल तेव्हा हे नक्की भेटेल : वीस लेखांत तेच विधान, आणि वीसही जण एकाच जागेकडे बोट दाखवणारे.

‘पण नाव चुकलं तर चित्राचं काय बिघडलं?’ असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. माझ्या मते बघणंच बिघडतं. रविवर्मा म्हटलं की आपण तैलरंग गृहीत धरतो आणि पुराणातली नायिका शोधायला लागतो. हे चित्र जलरंगातलं आहे. तैलरंगात उजेड वरून चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे रंग न लावता राखलेला कागद. एकदा गडद झालं की ते मागं घेणं फार अवघड. आणि उभी आहे ती कुणी नायिका नाही, चित्रकाराची मुलगी गीता. त्यासाठी आपण सुमारे तीन तास दिवा धरून उभ्या होतो, असं त्यांनीच पुढं सांगितलं होतं.

आता आडोशाचा हात बघा. बोटांच्या कडा लालसर आहेत. ही नुसती कल्पना नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश बराचसा शोषून घेतं, लाल त्यातल्या त्यात निसटतो. ज्योतीत मुळातच निळा कमी. हळदणकरांनी हे भौतिकशास्त्र म्हणून मांडलं नसेल, पण निरीक्षण पक्कं आहे, आणि चित्राचा जीव मला तिथंच वाटतो. चेहरा सुंदर आहेच, पण सुंदर चेहरे पुष्कळांनी काढलेत.

एक तक्रार मात्र शुभेच्छा पाठवणाऱ्यांबद्दल. या चित्रात मला तरी दिवाळीची काही खूण दिसत नाही. ना रांगोळी, ना पणत्यांची ओळ. दिवा एकच. मला ती रोजची दिवेलागण वाटते. सुट्टीत पालमला घरी गेले तेव्हा संध्याकाळी लाईट गेली. आई दिवा घेऊन तुळशीकडं निघाली, वारा होता, तिनं हात आडवा धरला. मी बोटांकडं बघत राहिले तर म्हणाली, ‘काय बघालीस, दार धर की.’

कडा लाल होत्या.