दुसरा चौकटीत नसताना

'प्रभात'च्या 'माणूस'मध्ये (१९३९) गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही कोठीवरची बाई यांना एका ठिकाणी सिनेमाचं चित्रीकरण चाललेलं दिसतं. झाडाखाली नायक-नायिका लाडिक सुरात प्रेमगीत गात असतात. बॉम्बे टॉकीजच्या बोलपटांनी त्या काळी लोकप्रिय केलेल्या प्रणयाची व्ही. शांतारामांनी तिथे सरळ नक्कल केली आहे. पण त्या प्रसंगाचं काम नकलेवर संपत नाही. खोटं जोडपं पाहिल्यावर शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांचं जोडपं प्रेक्षकाला जास्त खरं वाटू लागतं. गणपत आणि मैना एकमेकांची आहेत हे सांगायला त्यांना झाड लागत नाही, गाणंही लागत नाही.

ऐंशीहून अधिक वर्षं उलटली, तरी मराठी पटकथेतलं ते झाड काही हललेलं नाही. धक्का लागतो, वह्या पडतात, दोघं एकदमच वाकतात; ओढणी त्याच्या घड्याळात अडकते; पाऊस नेमका तेव्हाच येतो; कॅमेरा दोघांभोवती फिरतो आणि मागे बासरी वाजते. वाहिन्यांच्या भाषेत याला 'लव्ह ट्रॅक' म्हणतात. दोघांची 'केमिस्ट्री' जमली की नाही हे प्रोमोवरून ठरतं. ही दोघं एकमेकांची का आहेत, या प्रश्नाला अशा लेखनाकडे एकच उत्तर असतं: ती एकत्र छान दिसतात.

मराठीतल्या ज्या जोड्या पिढ्यानपिढ्या पटल्या, त्या मात्र वेगळ्या कसोटीवर उतरल्या आहेत. दोघांपैकी एक जण चौकटीत नसताना दुसरा काय करतो, ही ती कसोटी. समोरासमोर असताना कोणीही प्रेमळ वागतं. पाठीमागे घेतलेल्या निर्णयात दुसऱ्याचा वाटा दिसला, तर ती जोडी पटकथाकाराला सिद्ध करत बसावी लागत नाही.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात जोडी पटवण्याचा हा प्रश्न नवा नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, पहिलं मराठी नाटक केलं ते 'सीतास्वयंवर'. म्हणजे मराठी रंगभूमीचा आरंभच एका जोडीच्या जुळण्याने झाला. तिथे पुरावा धनुष्याचा होता आणि निकाल प्रेक्षकांना आधीच ठाऊक होता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र'पर्यंत (१८८२) येताना पेच बदलला. अर्जुन तीर्थयात्रेला गेलेला, बलराम सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवून मोकळा झालेला, आणि सुभद्रा एकटी. प्रियकर समोर नसतानाच तिचं प्रेम प्रेक्षकाला कळतं. अर्जुन परत येतो तोही संन्याशाच्या वेषात, म्हणजे समोर असून नसल्यासारखा. नाटक शंभर वर्षांहून जास्त टिकलं त्याचं श्रेय संगीताला दिलं जातं ते योग्यच आहे, पण ही बांधणीही त्या श्रेयाची वाटेकरी आहे.

याच पट्ट्याने उलटी बाजूही दाखवली: कोण एकमेकांचं नाही. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची 'शारदा' (१८९९) आणि आयुष्याचा मोठा काळ कोरेगावात काढलेल्या नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा 'कुंकू' (१९३७) ही त्याची उदाहरणं. 'शारदा'त म्हाताऱ्या वराशी ठरलेल्या लग्नाचं विजोडपण जितकं ठसतं तितकी शारदा-कोदंडाची जोडी ठसत नाही. कोदंड सुधारणेचा कैवारी म्हणून लक्षात राहतो, तिचा म्हणून नाही. 'कुंकू'ने तर पर्यायी नायक दिलाच नाही. शांता आपट्यांची तरुण नीरा आणि तिचे म्हातारे पती, केशवराव दात्यांचे काकासाहेब, एका घरात राहतात, पण त्यांचं घर कधीच एक होत नाही. शांतारामांनी या चित्रपटात रूढ पार्श्वसंगीत टाळलं आणि घरातल्या-रस्त्यावरच्या आवाजांवर भागवलं. दोन माणसांमधलं अंतर ऐकू यावं म्हणून केलेली ही निवड आजच्या कानांना मुद्दाम ऐकवायला हवी. आज प्रत्येक कटाक्षाला व्हायोलिन लागतं, कारण लिहिलेल्या प्रसंगावर कोणाचाच विश्वास उरलेला नाही.

या कसोटीचा सर्वांत सुंदर नमुना मात्र नाटकात किंवा सिनेमात नाही. तो खंडाळ्यात आहे. हिंदी सिनेमाने सहलीसाठी प्रसिद्ध केलेला खंडाळा बोरघाटातला. हा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. याच तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात आहेत. त्यांतली पहिली दोन नायगावहून लिहिलेली. दोन्ही वेळा सावित्रीबाई माहेरी, जोतीराव पुण्याला. पटकथेच्या भाषेत बोलायचं तर नायक दोन्ही प्रसंगांत चौकटीबाहेर.

पहिलं पत्र १८५६ च्या ऑक्टोबरातलं. आजारपणातून उठलेल्या सावित्रीबाईंना त्यांचा भाऊ बोल लावतो: तू आणि तुझा नवरा महार-मांगांसाठी नाही ते करता, बहिष्कृत झालात, जातीच्या रीतीने वागा. माहेर, आजारपण, भावाचा शब्द, आई ऐकते आहे. गप्प बसायला यापेक्षा सोयीची जागा दुसरी नाही. सावित्रीबाई गप्प बसत नाहीत. त्या भावाचं म्हणणं मुद्द्यामुद्द्याने खोडून काढतात आणि नवऱ्याच्या कामाची बाजू मांडतात. त्या नवऱ्याची तरफदारी करत नाहीत, आपल्या दोघांच्या कामाचं समर्थन करतात. पत्राची सारी ताकद या फरकात आहे. त्यात प्रेमाचा उच्चार शोधावा लागतो, आणि तरी मराठीत लिहिलेल्या उत्कट प्रेमपत्रांत त्याची गणना व्हायला हवी.

दुसरं पत्र २९ ऑगस्ट १८६८ चं. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलेलं. शारजा सहा महिन्यांची गरोदर. गावकरी दोघांना पकडतात, मारतात, गल्लीबोळांतून ओढत नेतात. जीव घ्यायचाच बेत असतो. सावित्रीबाईंना कळताच त्या धावत जातात. इंग्रज सरकारच्या कायद्यात खुनाचं काय होईल याची धास्ती घालून जमावाला थोपवतात. दोघांनी गाव सोडावं असं ठरतं, ती दोघं कबूल होतात, आणि सावित्रीबाई त्यांना जोतीरावांकडे धाडून देतात.

एका प्रसंगात दोन जोड्या. गणेश आणि शारजा एकमेकांची आहेत हे गावाच्या काठ्यांनी सिद्ध होतं, कारण वेगळं होऊन सुटण्याची वाट त्यांनी धरलेली नाही. सावित्री आणि जोती एकमेकांचे आहेत हे त्या धाडण्यात दिसतं. बायकोने न विचारता दोन जिवांची जबाबदारी नवऱ्यावर टाकली आणि तो ती उचलील याबद्दल तिच्या मनात शंकाही आली नाही. तो काय म्हणेल हे तिला माहीत आहे. पटकथा लिहिणाऱ्याने हा प्रसंग वर्षातून एकदा तरी वाचावा.

फुले दाम्पत्य पडद्यावर अनेकदा आलं आहे. आचार्य अत्र्यांचा 'महात्मा फुले' (१९५४) बाबूराव पेंढारकर आणि सुलोचना यांचा. त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. अलीकडे संदीप कुलकर्णी आणि राजश्री देशपांडे यांचा 'सत्यशोधक' (२०२४), प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांचा हिंदी 'फुले' (२०२५), आणि छोट्या पडद्यावर 'सावित्रीजोती' (२०२०). या सर्वांबद्दल आदर ठेवून एक गोष्ट म्हणावीशी वाटते. चरित्रपट या दोघांना शेजारी शेजारी उभं करतो, शाळेच्या दारात, शेणमाती अंगावर झेलताना, वाड्यातून बाहेर पडताना. त्या चौकटी नमस्कार करण्याजोग्या असतात. पण नमस्कार केला की माणूस दूर जातो. नायगावच्या पत्रांतली सावित्री जवळची वाटते, कारण तिथे ती एकटी आहे आणि तिच्या प्रत्येक वाक्यात दुसरा कोणी आहे.

गणेश-शारजाच्या पत्रानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, २०१६ मध्ये, 'सैराट' आला. नागराज मंजुळेंच्या या चित्रपटाबद्दल एवढं लिहून झालंय, की आर्चीची बुलेट आणि ट्रॅक्टर यांची वेगळी ओळख नको. पूर्वार्धातली गाणी, संथ गतीतली धाव, विहिरीवरचा प्रसंग, या सगळ्याची नंतरच्या सिनेमांनी मनसोक्त उचल केली. उत्तरार्ध मात्र कोणी उचलला नाही, आणि जोडी तर तिथे घडते. हैदराबादची झोपडपट्टी, वासाने जीव नकोसा झालेली पाटलाची लेक, डोशाच्या गाडीवर राबणारा पर्श्या, त्याचा संशय, उचललेला हात. एका टप्प्यावर आर्ची एकटी परत निघते. त्या काही मिनिटांत तिला पर्श्याशी बांधून ठेवणारं काहीही उरलेलं नसतं, ना धुंदी, ना सक्ती, ना गाणं. तरी ती फिरून येते. पूर्वार्धात तिने पर्श्याला पसंत केलं होतं. त्याच्याबरोबर जगायचं ती या घटकेला ठरवते. शेवटचा आघात एवढा खोल जातो तो या परतण्यामुळे. हिंदीतल्या 'धडक'ने (२०१८) कथानक घेतलं, पण जातीचा भार बाजूला सारला, आणि मग त्या परतण्याला ओलांडण्यासारखं काही उरलंच नाही.

मंजुळेंनीच त्याआधी 'फँड्री'त (२०१३) याच्या उलट केलं होतं. शालू एकटी असताना जब्याबद्दल काय विचार करते हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. ती दोघं जोडी नाहीत. जोडी जब्याच्या मनात आहे. दिग्दर्शकाने हे ज्ञान आपल्यापासून जाणूनबुजून रोखून धरलं, म्हणून जब्याचं एकटेपण इतकं टोचतं.

'जोगवा'ची (२००९) गोष्ट निराळी. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवरून संजय कृष्णाजी पाटलांनी लिहिलेल्या या पटकथेत तायप्पा आणि सुली देवीला सोडलेले आहेत. त्याला लुगडं नेसवलंय, तिला संसार नाकारलाय. आजूबाजूचं सगळं जग त्याच्याकडे जोगता म्हणून आणि तिच्याकडे जोगतीण म्हणून बघतं. तिला तो पुरुष दिसतो आणि त्याला ती बाई दिसते. हे एवढंच, पण जगात दुसऱ्या कोणाला ते दिसत नाही, म्हणून त्यांच्या एकत्र येण्याला पर्यायच राहत नाही. 'मेड फॉर इच अदर' छाप कितीतरी चित्रपट या एका नजरेपुढे फिके पडतात. उपेंद्र लिमये आणि मुक्ता बर्वे यांनी ती नजर सांभाळली हे खरं, पण आधी ती लिहिली गेली होती.

अनुपस्थितीची कसोटी सगळीकडे लावता येत नाही, हेही कबूल करायला हवं. सतीश राजवाडे यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) पूर्ण वेळ दोघांना समोरासमोर ठेवतो. एक दिवस, पुणे शहर, चालणं आणि बोलणं. पात्रांना नावंसुद्धा नाहीत. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी इथे जिंकतात ते भांडणाच्या दर्जामुळे. मुंबई बरी की पुणे बरं यावर वाद घालताना दोघं एकमेकांचा शब्द पकडतात, पुढे नेतात, परतवतात. दुसऱ्या कोणाशी त्यांना असं भांडता आलं नसतं, हे अर्ध्या तासात पटतं. पुढच्या दोन भागांत नावं आली, घरं आली, लग्न आलं, आणि संवादातली ती धार मात्र उतरत गेली.

मालिकांच्या प्रांतात चित्र मिश्र आहे. 'तुझ्यात जीव रंगला'मधला (२०१६) राणादा बायकोला लग्नानंतरही 'पाठकबाई' म्हणत राहिला. एका संबोधनात आदर, अंतर, लाड आणि शिष्यत्व सगळं आलं. त्यामागे कसलंही पार्श्वसंगीत नव्हतं, लेखकाने पकडलेला बरोबर शब्द होता. हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी २०२२ मध्ये खरंच लग्न केलं तेव्हा प्रेक्षक हरखले, पण पात्रांची जोडी त्याच्या कितीतरी आधी पटलेली होती.

आणि सातारा जिल्ह्यापुरतं बोलायचं तर 'लागिरं झालं जी' (२०१७-२०१९). तेजपाल वाघ यांनी लिहिलेल्या या मालिकेत अजिंक्य फौजी व्हायचं स्वप्न पाहतो. ज्या जिल्ह्यात अपशिंग्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात, तिथे ही कल्पना मातीतून आलेली होती. फौजीच्या प्रेमात दूर असणं गृहीतच असतं. लेखकाला ते वेगळं रचावं लागत नाही. सीमेवरचा अज्या आणि गावातली शीतली यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मराठी मालिकेला कधी न मिळालेला ऐवज होता. मालिकेने तो जिथे वापरला, तिथे ती साताऱ्यातल्या घराघरांची झाली. परंतु रोजच्या भागाचं गणित उलट सांगतं. प्रेक्षकाला दोघं रोज एकत्र हवीत, वाहिनीला प्रोमोत दोघं हवीत, आणि नायक रजेवर येतच राहतो. वाट पाहण्याचे भाग कारस्थानांनी भरून निघतात.

शिवाय आता मोबाइल आहे. सुभद्रेला अर्जुनाची खबर नव्हती, सावित्रीबाईंना पुण्याहून उत्तर यायला दिवस लागत. आजची शीतली व्हिडिओ कॉल लावते आणि विरह दोन मिनिटांत आटोपतो. बरेच लेखक यावर सोपा तोडगा काढतात: फोन हरवतो, बॅटरी संपते, रेंज जाते. त्यापेक्षा अवघड आणि खरी वाट अशी, की फोन हातात आहे, रेंज आहे, आणि तरी ती त्याला घडलेलं सांगत नाही, कारण उद्या त्याची ड्यूटी आहे. आधी स्वतःच निस्तरते, मग फोन लावते आणि जेवलास का एवढंच विचारते.