सुगंधाची घराणी आणि झेंडूचा प्रश्न

कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात अत्तरावर बोलायला आम्ही उभे आहोत, याची गंमत आम्हालाही वाटते आहे. कांद्यापाशी नंतर येऊच. आजचा विषय 'सुगंधाची घराणी'. शहरातल्या मोठ्या दुकानात गेलं, किंवा फोनवर परफ्यूम मागवायला बसलं, की बाटलीच्या नावाखाली एक शब्द असतो. फ्लोरल, वुडी, फ्रेश, अंबर. आपली मुलंमुली हे शब्द आता सहज वापरतात. ते आले कुठून, आणि आपल्या ओळखीचे वास त्यांत बसतात का, एवढंच आज बघायचं आहे.

या शब्दांचा सगळ्यात प्रसिद्ध नकाशा म्हणजे मायकेल एडवर्ड्स यांचं गंधचक्र. 1992 सालचं. चार मोठी घरं: फुलांचं, पौर्वात्य म्हणजे 'ओरिएंटल', लाकडांचं आणि ताज्या वासांचं. प्रत्येकात पोटघरं, आणि शेजारची घरं एकमेकांत मिसळत जाणारी. हे चक्र केलं दुकानदारांसाठी. गिऱ्हाईक म्हणालं, मला ही बाटली आवडते, तर त्याला दुसरी कोणती दाखवावी? चक्रात शेजारी असेल ती. त्या कामाला हे चक्र उत्तम आहे, आणि त्यात आम्हाला कुचेष्टा करायची नाही. कापडदुकानात सुती एका फडताळात आणि रेशमी दुसऱ्या फडताळात ठेवतात, तसंच हे. तक्रार सुरू होते ती फडताळालाच लोक निसर्ग समजू लागतात तेव्हा.

आता 'घराणं' हा शब्द आम्ही मुद्दाम घेतला. गाण्यातलं घराणं कसं असतं? कुणीतरी मूळ पुरुष असतो, त्याची गायकी असते, शिष्य ती उचलतात, बदलतात. सुगंधातही अशी खरी घराणी आहेत. एक आहे 'फुजेर'. फ्रेंचमध्ये याचा अर्थ नेचा, म्हणजे फर्न. पावसाळ्यात माळशेजच्या कड्यांवर उगवतो तो. आता तुम्ही नेचा हुंगून बघा, त्याला म्हणावा असा वास नसतो. मग हे नाव का? 1882 साली पॅरिसच्या उबिगां कंपनीनं 'फुजेर रोयाल' नावाचं परफ्यूम काढलं. त्यात लॅव्हेंडर होतं, ओकमॉस होतं आणि कुमारिन नावाचं रसायन होतं. कुमारिन प्रयोगशाळेत बनवलं पर्किन यांनी, 1868 साली. त्याचा वास कसा? कापलेलं गवत वाळताना येतो तसा. म्हणजे साहेबानं ज्याला राजेशाही नेचा म्हटलं, त्यातला एक मोठा वाटा इथल्या कुठल्याही गोठ्यामागच्या गवताच्या गंजीचा आहे. (हशा) त्या बाटलीची नक्कल पुढे इतकी झाली, की सलूनमध्ये दाढीनंतर गालाला लावतात त्या लोशनचा 'पुरुषी' वास बऱ्याचदा याच घराण्याचा असतो.

दुसरं घराणं 'शिप्र'. सायप्रस बेटाचं फ्रेंच नाव. आजचं घराणं मोजतात ते फ्रान्स्वा कोटी यांच्या 1917 च्या 'शिप्र' या बाटलीपासून. वर बर्गमॉट नावाच्या लिंबाचा आंबटकडू वास, मध्ये फुलं, तळाशी लॅबडॅनम नावाची राळ आणि पुन्हा ओकमॉस. या ओकमॉसपाशी जरा थांबा. नावात 'मॉस' असलं तरी ते शेवाळ नाही, ते झाडाच्या सालीवर वाढणारं लायकेन आहे. आणि आपल्या घरातलं लायकेन कोणतं? दगडफूल! काळ्या मसाल्यात, गोड्या मसाल्यात घालतो ते. जात वेगळी, पण भाऊबंद. संस्कृतात त्याला शैलेय म्हणतात आणि जुन्या गंधयोगांमध्ये ते आहे. उत्तरेतले अत्तरवाले त्याला छरीला म्हणतात आणि 'शमामा' अत्तरात घालतात. तेव्हा 'शिप्र' हा शब्द अवघड वाटला तर मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल नुसतं हुंगा, तेलात परतू नका. तो मातकट, किंचित शाईसारखा, ओल्या सालीचा वास म्हणजे या घराण्याचा षड्ज. ओकमॉसमधल्या दोन घटकांमुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होते म्हणून युरोपीय संघानं 2017 साली त्यांच्यावर बंदीचा नियम केला. त्यामुळे जुनी शिप्रं आता जुन्यासारखी बनत नाहीत. घराण्याचा षड्जच काढून घेतला, तरी नाव चालू आहे.

ही झाली वंशानं बनलेली घराणी. पण 'फ्लोरल' हे तसं घराणं नाही. तिथे मूळ पुरुष कुणी नाही. एकमेकांसारखे वाटणारे वास एकत्र केले, एवढंच. चक्रावर मात्र वंश आणि सारखेपणा एकाच रेषेत मांडलेले आहेत. खुद्द एडवर्ड्स यांनी फुजेर सुरुवातीला चक्राच्या मधोमध ठेवलं होतं, कारण त्यात सगळ्याच घरांचं थोडंथोडं आहे. आमच्या मते त्या चक्रातली ती सगळ्यात प्रामाणिक जागा होती. एक वास कुठल्याच घरात मावत नाही, हे तिथे नकाशाच कबूल करत होता.

आता 'ओरिएंटल'कडे येऊ. इथे आपलं नाव येतं, म्हणून जरा बारकाईनं बघायला हवं. गेर्लां कंपनीचं 'शालिमार', 1925 चं, या घराचं मानचिन्ह. नाव लाहोरच्या शालिमार बागेवरून. आत काय? मुख्यत्वे व्हॅनिला, राळा, वर बर्गमॉट. व्हॅनिला मूळची मेक्सिकोची. लॅबडॅनम भूमध्य समुद्राकाठचं. मग पूर्वेकडचं यात काय आहे? ऊद-धूपाच्या जातीची राळ, आणि बाकी पॅरिसनं पाहिलेलं पूर्वेचं स्वप्न. बरं, आपल्या केसांतला मोगरा या चक्रावर कुठे जातो? फुलांत. चंदन? लाकडांत. वाळा? तोही लाकडांत, गवताचं मूळ असून. म्हणजे आपल्या रोजच्या वासांपैकी बरेच 'पौर्वात्य' नाहीतच. कूळकायदा माहीत असलेल्या मंडळींना सांगायचं तर, सातबाऱ्यावर नाव आपलं लावलं, जमीन मात्र भलतीचीच निघाली. (हशा)

2021 साली एडवर्ड्स यांनी 'ओरिएंटल' हा शब्द काढून 'अंबर' केला. हेतू चांगला, पण घोटाळा नवा झाला. आपल्याकडच्या अत्तरवाल्याला अंबर म्हटलं की देवमाशाच्या पोटातलं द्रव्य आठवतं. वर्तमानपत्रांत 'व्हेलची उलटी' म्हणून बातम्या येतात ना, तेच. त्याचा व्यापार वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. परफ्यूमच्या चक्रावरच्या 'अंबर'चा त्याच्याशी संबंध नाही. ती व्हॅनिला, लॅबडॅनम, लोबान यांची गोडसर, उबदार मिसळ. तेव्हा कुणी 'अंबर' म्हणालं, तर आधी विचारा, कुठलं?

मग आपल्याकडे वर्गीकरण नव्हतं का? होतं, आणि मराठीशी त्याचं नातं जवळचं आहे. गंगाधर नावाच्या लेखकाचा 'गंधसार' हा संस्कृत ग्रंथ, आणि त्याच्या जोडीला अज्ञात लेखकाचा 'गंधवाद'. या 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी या पोथीकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं आणि पुढे 1989 साली बडोद्याहून रामकृष्ण व्यास यांच्या संपादनात दोन्ही छापले गेले. कित्येक शतकांपूर्वी कुणीतरी मराठी माणूस सुगंध कसा करायचा हे आपल्या भाषेत समजावत बसला होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसावी, असा प्रश्न आम्हाला पडतो.

'गंधसार' द्रव्यांची वाटणी वासावरून करत नाही, ती उगमावरून करतो. पानं, फुलं, फळं, साली, लाकडं, मुळं, झाडाचे स्राव आणि प्राण्यांपासून मिळणारी द्रव्यं. म्हणजे वाळा तिथे मूळच राहतो. चक्र विचारतं, हा वास कशासारखा आहे? पोथी विचारते, हे आलं कुठून? पहिला प्रश्न विकणाऱ्याचा, दुसरा विकत घेणाऱ्याचा. बाजारात कस्तुरी, केशर घ्यायला गेलेल्याला भेसळ ओळखायची असते, त्याला 'उबदार, मखमली' अशा विशेषणांचा काय उपयोग?

पण आम्हाला या ग्रंथात त्याहून मोलाची वाटते ती क्रियांची यादी. भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. द्रव्य रसात भिजवायचं, शिजवायचं, मग त्याचा गंध जागा करायचा, तीव्र द्रव्यानं वेधायचा, धुरी द्यायची, फुलांच्या सहवासात ठेवायचा. म्हणजे सुगंध ही घडत जाणारी गोष्ट आहे. चक्रात काळाला जागाच नाही. परफ्यूम लावल्यावर पहिल्या दहा मिनिटांत लिंबू, तासाभरानं फुलं, संध्याकाळी शर्टाच्या कॉलरला राळ. बाटली चक्रात एकाच घरात बसते, माणूस मात्र दिवसभरात तीन घरं फिरून येतो.

पोथीचे गोडवे गाऊन थांबणार नाही आम्ही. तिचीही परीक्षा घेऊ, आणि तीही इथल्याच फुलावर. जुन्नर तालुक्यात दसऱ्याच्या आधी झेंडूच्या शेतातून गेलात तर जो वास येतो, तो सांगा बरं कुठल्या घराचा? 'गंधसारा'च्या वाटणीनं तो फूल. चक्रानंही नावावरून फ्लोरल. पण नाक काय म्हणतं? हिरवट, कडवट, थोडा कच्च्या सफरचंदासारखा उग्र दर्प. तो पाकळ्यांपेक्षा देठाशी आणि पानांत जास्त. गुलाब-मोगऱ्याच्या पंक्तीत झेंडू बसतच नाही. परफ्यूमवाले झेंडूच्या वंशातल्या झाडांचं तेल वापरतात, ते फुलाचा वास म्हणून नाही, हिरवा-फळांचा झटका द्यायला. त्यातून हे झाड अमेरिका खंडातून आलेलं. दोन्ही व्यवस्थांना झेंडू अडचणीचा, आणि आपण तो क्रेटमध्ये भरून किलोवर विकतो, त्याच्या वासाची कुठे नोंदच नाही. मोगऱ्याच्या शेतकऱ्याला निदान अत्तराचं गिऱ्हाईक तरी ऐकून माहीत असतं. ज्या वासाला नाव नाही, त्याला भाव कोण देणार?

कांद्याचंही सांगतो, शब्द दिला होता. कांद्याच्या वासामागे सल्फरची संयुगं आहेत. सल्फरला आपण म्हणतो गंधक, आणि त्या शब्दातच गंध आहे, बघा. ग्रेपफ्रूट या फळाचा खास वास येतो तो अशाच एका सल्फरयुक्त रेणूमुळे, अत्यंत अल्प प्रमाणात. प्रमाण वाढलं की तोच असह्य. चक्रावर 'ताजं' म्हणून विकल्या जाणाऱ्या फळांच्या वासात कांद्याचे लांबचे नातेवाईक असे दडलेले असतात.

मराठीत वासाला शब्द कमी नाहीत. परिमळ, दरवळ, घमघमाट, दर्प. खमंग, खरपूस, आंबूस, ओशट, मातकट. कुबटाण, खवटाण, करपटाण. यातले अर्धे शब्द तक्रारीचे आहेत हे खरं, पण तक्रार करणाराच नीट हुंगतो. आणि आंबेमोहर बघा, तांदळाला आंब्याच्या मोहराचं नाव! चक्र जे करतं, म्हणजे एका वासाला दुसऱ्याच्या शेजारी बसवणं, ते भाताच्या खाचरात कुणीतरी केव्हाच करून ठेवलं. पॅरिसमध्ये खाऊच्या वासाचं नवं घर उघडलं ते 1992 च्या 'एंजल' या परफ्यूमनंतर, साखरेच्या पाकाचा वास घेऊन. आपल्याकडे ताटातला भात आधीच सुगंधी होता.

आता शेवटची पुडी फिरवतो आहोत, बुक्क्याची. कपाळाला लावू नका, आधी हुंगा. यात चंदन असेल, नागरमोथा असेल, कपूरकाचरी, वाळा, दवणा. करणारा बदलला की प्रमाण बदलतं. हा फुलांचा? लाकडांचा? अंबर? दवण्यामुळे जरा फळासारखा गोड, नागरमोथ्यामुळे मातकट, तळाशी थंड कापूर. तुमच्यापैकी बहुतेकांना वास आला त्या क्षणी चक्र आठवलं नसेल, वारी आठवली असेल. उटण्याचा वास आला की दिवाळीची पहाट, अत्तरदाणीचा आला की लग्नाचा मांडव. प्रसंगावरून वास ओळखणं हीसुद्धा एक वाटणीच आहे. ती ना एडवर्ड्सच्या चक्रात आहे, ना गंगाधराच्या यादीत. कागद पुढे करतो आहोत, प्रत्येकानं बुक्क्याच्या वासाला एकच विशेषण लिहायचं, 'छान' सोडून. पुडी मात्र लगेच मिटा, पंखा चालू आहे.